रेडिएटर थंड आहे

२४ जानेवारी

पोचले एकदाची. तैपेईहून आगगाडी, पुढे बस, आणि शेवटचे चार किलोमीटर होंग अध्यक्षांच्या मासळीच्या टेम्पोतून. अध्यक्ष म्हणजे इथल्या मंदिर समितीचे. वय पंचाहत्तर, पायात निळ्या स्लिपर. गाडीत बसते न बसते तोच जेवलीस का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या हातात सारणाचा गरम पाव कोंबला. तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारात चार हातांच्या गाळ्यात मी चोवीस वर्षं लोकांची यंत्रं दुरुस्त केली. तिथे माझ्या जेवणाची चौकशी कुणी केल्याचं आठवत नाही. पाव खाताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरीवर ढकललं.

खोली मंदिराच्या स्वयंपाकघरावर आहे. खिडकीतून एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला अंगण आणि देवाला वाहिलेले कागद जाळायची भट्टी. सगळा संसार दोन बॅगांत मावला याचं जरा वाईट वाटलं, पण जिना चढताना बरंच वाटलं.

देवळात आतल्या भिंतीवर दोन हजार तीनशे सोळा छोटे दिवे आहेत, प्रत्येकाखाली एकेका माणसाचं नाव. नावं, जन्मतारखा, जन्माच्या वेळा, दिवे, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. तो आणि ती यादी सांभाळायची, एवढंच माझं काम. फेब्रुवारीत चांद्र नव्या वर्षाला लोक दिवे लावायला रांगा लावतील, त्याच्या आत सगळं सुरळीत हवं.

स्वयंपाकघर आणि बारीकसारीक विधी ग्योक मावशींकडे. ऐंशीच्या घरातल्या, चणीने एवढ्याशा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, शहरात हिला खायला घालत नव्हते की काय, काडी झालीय नुसती. नवरा कुठाय विचारलं. गेला, मी म्हटलं. मेला की पळाला? पळाला. बरं झालं, म्हणाल्या, श्राद्धाची कटकट वाचली. सगळं टेबल हसलं, मीही हसले.

पेई-शानला ‘पोचले’ असा निरोप पाठवला. तिने वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तिकडे जपानात, नागोयाला, तिची कामाची वेळ असेल. तीन वर्षं झाली लेकीला बघून.

२७ जानेवारी

आज यंत्राची गाठ पडली. गावचाच एकजण शहरात खेळांचे कॉम्प्युटर विकतो, त्याने गेल्या वर्षी नवस फेडायला हा देवळाला दिला. काचेची पेटी, आत सतरंगी दिवे, आणि प्रोसेसरवर पाण्याचा कूलर. नावं लिहायला असलं यंत्र म्हणजे भाजी आणायला शर्यतीची मोटार. पण समितीला रोषणाई फार आवडली. अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, देवीच्या पालखीलासुद्धा एवढे दिवे नाहीत. पेटीवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, आपल्याकडे सगळेच ठेवतात तसं. मुदत संपली की गुण जातो म्हणून तारीख तपासली, जूनपर्यंत आहे.

वागणं मात्र शहाण्यासारखं नाही. काहीही काम चालू नसताना प्रोसेसर अठ्ठ्याऐंशी अंशांवर. यादी उघडली की शंभर, आणि यंत्र आपलं आपण बंद. ते बंद पडलं की भिंतीवरचे सगळे दिवेही जातात. ऐन नव्या वर्षात असं झालं तर काय, हे अध्यक्षांनी बोलून दाखवलं नाही. आधीच्या माणसाला याचपायी घरी बसवलं, हे मावशींनी आमटी वाढता वाढता सांगितलं.

१ फेब्रुवारी

चार दिवस यंत्राच्या पोटात हात घालून बसलेय. पाण्याच्या कूलरचं गणित सरळ असतं. पंप प्रोसेसरवर बसतो, पाणी तिथली उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरमध्ये नेतं, पंखे ती बाहेर फुंकतात, गार पाणी दुसऱ्या नळीने परत येतं. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. बाजारात नवीन माणूस शिकायला आला की मी हेच पहिलं सांगायचे.

पंख्यांतला उदबत्तीचा काळा थर काढला. प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट खरवडून नवी लावली. रेडिएटर कुण्या शहाण्याने खाली बसवला होता, त्यामुळे हवा पंपात अडकून गुळगुळ करत होती. तो काढून वर बसवला आणि पेटी तान्ह्या बाळासारखी डावीउजवीकडे झुलवली. गुळगुळ थांबली. आकडा नव्वद. मग नळ्या चाचपल्या: एक चटका देणारी, एक गार. म्हणजे पाणी फिरतच नाही. पंप आकडे बरोबर दाखवतोय, पण आतलं चक्र गाळाने धरलेलं असणार. नवा कूलर मागवला. पुरवठादार म्हणाला, बाई, सगळे सुट्टीवर चाललेत, सत्तावीस फेब्रुवारीच्या आधी नाव काढू नका.

इथे आल्यापासून एकदाही एकटी जेवले नाही. मावशी खालून माझ्या नावाने ओरडतात आणि नाही गेलं तर वर येऊन ओरडतात. मला इथेच राहायचंय. गेल्या कित्येक वर्षांत मला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

मावशींनी उपाय काढला. गावात कुणाचा ताप उतरेना की त्या कागदाची बाहुली कापतात. तिच्यावर आजाऱ्याचं नाव, जन्मतारीख आणि जन्माची वेळ लिहायची, आजाऱ्याने तिच्यावर तीनदा फुंकर मारायची, मग ती भट्टीत. दुखणं बाहुलीबरोबर जातं. लहानपणापासून बघत आलेय, त्यात नवल काही नाही. पण यंत्राला? मावशी म्हणाल्या, ताप आहे ना त्याला? मग झालं तर.

घोडं अडलं नावापाशी. यंत्राला जन्मवेळ कुठून आणायची. मी म्हटलं, मागे कारखान्याचा नंबर आहे तो लिहू का, तर मला खुळी म्हणाल्या. कोरी बाहुली चालत नाही. मालक कोण त्याचं लिहा म्हणावं, तर मालकीण देवी, आणि देवीचं नाव कोण लिहिणार. अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. शेवटी मीच पेन घेतलं आणि माझं लिहिलं: को छिऊ-यिंग, तारीख, पहाटेची वेळ. त्याचं बघणारी मीच ना, म्हटलं. मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात भात करपल्याचा वास आला आणि त्या पळाल्या. मी बाहुली रेडिएटरच्या पंख्यासमोर तीनदा धरली, यंत्राची फुंकर म्हणून. सगळे हसत होते. बाहुली मीच भट्टीत टाकली.

दुपारी आकडा एकेचाळीसवर आला आणि तिथेच थांबला. अध्यक्षांनी जेवताना मला आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि माशाचं डोकं माझ्या ताटात घातलं. काय सांगू, फार बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

अजूनही एकेचाळीस. मुद्दाम सगळी यादी एकदम छापायला लावली तरी त्रेचाळीसच. खाली सगळे खूश आहेत, मला मात्र चैन पडेना. पंप तोच, गाळ तोच. नळ्या चाचपल्या तर आता दोन्ही गार. रेडिएटर गार. पंखे गार हवा फेकतायत. साथीच्या वेळचं कपाळावर धरायचं थर्मामीटर देवळाच्या दारात पडलेलं असतं, ते आणून रेडिएटरवर धरलं: चोवीस. खोलीही चोवीस.

मग प्रोसेसरची उष्णता जातेय कुठे? अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले देवीला माहीत, आणि चहा ओतला.

अंगात कणकण आहे. समुद्राचं वारं बाधलं असणार. मावशींनी आल्याचं गुळपाणी दिलं आणि ते संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

१६ फेब्रुवारी

वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारपासून एकेकजण आपापल्या घरी गेला, घरच्यांबरोबर जेवायला. जाताना प्रत्येकाने मला बोलावलं आणि प्रत्येकाला मी दुसरीकडे जाणार आहे असं सांगितलं. दुसऱ्याच्या घरच्या टेबलाशी या दिवशी उपऱ्यासारखं बसणं जिवावर येतं. खोलीत ताटली घेऊन बसले. मला कुणीतरी हवं होतं. तरी नको म्हटलं, हा माझा जुनाच दोष.

पेई-शानने नव्या वर्षाचं हलतं चित्र पाठवलं, उड्या मारणारा घोडा, उद्यापासून घोड्याचं वर्ष ना. मी ते पाच-सहा वेळा पाहिलं.

ताप ३८.२. परवा डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. काही सापडलं नाही. म्हणाले, बाई, तुम्ही ठणठणीत आहात, फक्त गरम आहात.

१९ फेब्रुवारी

सकाळपासून रांग. एकेक नाव घालते, भिंतीवर एकेक दिवा उजळतो, लोक हात जोडतात. प्रोसेसर बेचाळीस. मी ३९.१. घामाने कीबोर्ड ओला झाला.

दुपारी तासभर यादी बंद ठेवली. पाणीसुद्धा प्यायले नाही, नुसती बसून होते. ताप ३७.६ वर उतरला. यादी उघडली, पुन्हा चढला. मनात एक शंका आलीय. लिहायला लाज वाटते.

२१ फेब्रुवारी

दुपारी देऊळ रिकामं असताना तपासून पाहिलं. शंका आली की मोजायचं, मला दुसरं काही येत नाही.

यंत्रावर मुद्दाम पूर्ण भार टाकला, दहा मिनिटं. आधी मी ३७.७, नंतर ३९.५. भार काढला. वीस मिनिटांत ३७.८. पुन्हा टाकला: ३९.४. पुन्हा काढला. तिसऱ्यांदाही तेच.

रेडिएटर सगळा वेळ चोवीस.

रेडिएटर मी आहे.

२२ फेब्रुवारी

मग बंद करून पाहावं, एवढी साधी गोष्ट. सकाळी दार उघडायच्या आधी बटण दाबलं. पंखे थांबले, भिंतीवरचे दिवे गेले. आधी फार सुख वाटलं. पाटावर बसून गार फरशीला पाय टेकले.

मग बोटं बधिर झाली. ओठ. थर्मामीटर ३५.४, पाठोपाठ ३४.६. छातीत ठोका पडायचा आणि पुढचा येतच नव्हता. दोनच हातांवर बटण होतं, तिथवर मी रांगत गेले. पंप घुरघुरला तेव्हा कुठे श्वास आला.

आता दोघांना मिळून एकच पंप आहे.

२३ फेब्रुवारी

मावशींना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसल्या नाहीत, हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या मनात आलंच होतं गं, पण भात करपला आणि मी विसरले. बाहुलीवर नाव ज्याचं दुखणं त्याचं असतं. दुखणं त्याचं, फुंकर त्याची, आणि नाव तुझं. बाहुली तूच झालीस.

सुटायचं कसं, विचारलं. दुसरी बाहुली, त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाचं नाव, खरी जन्मवेळ, जाळली की झालं, मग ते त्या माणसाकडे जातं. लगेच कात्री घेऊन कापायलाच बसल्या आणि म्हणाल्या, माझं लिही, मी खूप जगले. पण त्यांना आपली जन्मवेळ माहीत नाही. घरात घड्याळ नव्हतं, आई बाळंतपणातच गेली, सांगणारं कुणी उरलं नाही. कापलेली बाहुली हातात धरून त्या किती वेळ रडत होत्या. माझ्यासाठी असं कधी कुणी रडलं नव्हतं.

ती बाहुली मी वर घेऊन आले. का आणली, सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

यादीत दोन हजारांवर नावं. सगळ्यांच्या वेळा दिलेल्या. दुपारभर वर-खाली बघत बसले.

एक म्हातारा सापडला, एक्याण्णव वर्षांचा, गावाबाहेर एकटा राहणारा. त्याने उद्या डोळे मिटले तरी कुणी नवल करणार नाही. पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात तोच दारात आला, काठी टेकत, आपला दिवा बघायला. मला विचारलं, पोरी, माझा कुठला, दिसत नाही गं नीट. हात धरून नेऊन दाखवला. तो हसला, तोंडात एक दात.

नाही लिहिता येणार. सत्तावीसला नवा कूलर येईल. नवा पंप, स्वच्छ पाणी, उष्णता पुन्हा रेडिएटरकडे जाईल. यंत्र बंद न करता तो कसा बसवायचा ते अजून सुचलेलं नाही. सुचेल. तीन दिवस काढायचे.

२५ फेब्रुवारी

नव्या वर्षाच्या नवव्या दिवसाचा सोहळा. आठशे माणसं. ४०.३.

डोक्यावर बर्फाची पिशवी बांधून यादी चालवली. एकही दिवा विझला नाही. अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते, ही आमची को-ताई. आमची म्हणाले.

२६ फेब्रुवारी

पेई-शानचा फोन. तीन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मावशींनी माझ्या फोनमधून नंबर काढून तिला झापलं म्हणे: आई तापाने फणफणलीय आणि तू घोडे कसले पाठवतेस. पेई-शान रडत होती. परवा येतेय. विमान, मग गाडी, दुपारी एकपर्यंत दारात.

मी म्हटलं, काही गरज नाही. मग म्हटलं, ये.

२७ फेब्रुवारी

कूलर आला नाही. पुरवठादार फोन उचलत नाही. अध्यक्षांना विचारलं तर नुसते हसले, म्हणाले उद्या बघशील.

जिना चढवत नाही. ३९.८, आणि यंत्र तर स्वस्थ बसलंय. गाळ वाढत असेल.

२८ फेब्रुवारी, सकाळी

अंगणात खोका. नवा कोरा, वर लाल फीत. शहरातला माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलाय.

अध्यक्ष वर आले होते. म्हणाले, त्या मेल्या यंत्राने तुझी हाडं खाल्ली, आम्हाला काय दिसत नाही? समितीने नवीनच घेतलं, तुला चकित करायचं म्हणून बोललो नाही. कूलर आम्हीच रद्द केला. आता जुनं बंद करून उचलतो. मी म्हटलं — बंद नका करू — हात धरला त्यांचा. तापात बडबडतेयस पोरी, म्हणाले. पांघरूण सारखं केलं. दार हळूच ओढून घेतलं.

मावशी बाजारात. पेई-शानसाठी मासा आणायला.

बारा वाजून गेले

मावशींना फोन लावला. त्यांचा फोन खाली टेबलावर वाजतोय, मला ऐकू येतोय. भोंग्यावर गाणी. ओरडले — आवाज निघत नाही.

पेई-शानचा निरोप: बसमध्ये आहे आई, अर्धा तास.

पंखे थांबले.

३५.१

बोटं

बाहुली टेबलावर. काडेपेटी पण आहे. नाव हवं आणि वेळ हवी. यादी खाली, यंत्रात, ते बंद — म्हाताऱ्याची वेळ आठवत नाही, कुणाचीच —

मला दोनच वेळा पाठ आहेत. माझी. आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, मंगळवार, नर्सने मला घड्याळ दाखवलं होतं, तू रडत नव्हतीस, नुसती बघत —

नाही. हात तिकडे जातोय. पेन वहीत ठेवायचं. वहीतच लिहायचं. लिहीत राहिलं की हात गुंतलेला

३४

पेई-शान वहीत लिहितेय मी. वहीत. तुझं नाव इथे लिहिलंय, तिथे नाही. आलीस की टेबलावर आधी बघ. दोन्ही बाजू बघ. कोरी आहे, काही लिहिलं नाही मी, को